नवी कल्पना निघते कामातूनच



नवी कल्पना म्हटलं की आपल्याला वाटतं, ते शिकलेल्या माणसांचं काम. पण शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. गावरान बियाणं नाहीसं होतंय, हे त्यांनी ओळखलं आणि घरातच बियाण्यांची बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणं राखायची रीत जुनीच; ते गोळा करून सगळ्यांना पुरवायचं, हे नवं.

मग आपल्या बचत गटात कल्पना का निघत नाहीत? कारण बऱ्याचदा बैठकीत दोघी-तिघीच बोलतात, बाकीच्या सही करून उठतात. नव्या सुनेला वाटतं, बोललो तर हसतील. म्हणून पहिला नियम करूया: आधी सगळ्यांत कमी बोलणारीने बोलायचं, आणि तिचं पूर्ण होईपर्यंत कुणी "हे जमायचं नाही" म्हणायचं नाही.

आता टोमॅटोचंच बघा. जुलै 2023 मध्ये नारायणगावच्या बाजारात 20 किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. पुढे काही आठवड्यांत तो कोसळला. भाव पडला की तोडणीची मजुरीही निघत नाही. कुणी म्हणेल, "वाळवून विकूया." दुसरी म्हणेल, "पावसाळ्यात ऊन कुठंय?" हरकत अगदी खरी आहे. पण हरकतीपाशी थांबायचं नाही, तिच्यातून पुढचा प्रश्न काढायचा. उन्हाळी माल मे महिन्यात वाळवता येईल का? पावसाळ्यात चटणी शिजवता येईल का?

यानंतर लहान प्रयोग. गटाची सगळी बचत त्यात घालायची नाही. ती कुणाच्या दवाखान्याची, कुणाच्या मुलीच्या फीची असते. फक्त 10 किलो घ्या. टोमॅटोत शंभरात चौऱ्याण्णव भाग पाणीच असतं, म्हणून वाळून हाती साधारण अर्धा ते पाऊण किलोच येईल. माल, जळण, पिशव्या आणि आपली स्वतःची मजुरी वहीत मांडा. घरच्या बाईचे हात फुकट धरले की तोट्यातला धंदाही नफ्याचा दिसतो. हिशेब जुळला तर पुढच्या वेळी 50 किलो; नाही जुळला तर का नाही, तेही लिहा. ते लिहिलेलं पुढच्या प्रयोगाला उपयोगी पडतं.

डोंगराकडच्या, भीमाशंकर-आहुप्याकडच्या बायांनी हेच बाळहिरड्याचं करावं. कोणत्या मालाला व्यापारी भाव कमी देतो आणि का, हे विचारा. उत्तर वाळवणाऱ्या, निवडणाऱ्या हातांनाच ठाऊक असतं.

तर पुढच्या बैठकीत एकच प्रश्न घ्या: आपल्या कामात सगळ्यांत जास्त काय वाया जातं? माल, वेळ की कष्ट? प्रत्येकीचं उत्तर तिच्या नावासह वहीत लिहा. त्यातलं एक निवडा आणि महिनाभर करून बघा.