पांढऱ्या कपड्यांची भीती

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आजारी पडूनही गोंड आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो, असे उत्तर आले. आणखी एक कारण शहरी माणसाच्या डोक्यात सहसा येणार नाही असे होते. डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आमच्यात पांढरे कापड मेलेल्या माणसाला गुंडाळतात!

स्वच्छतेची खूण म्हणून घातलेला गणवेश रुग्णाला कफन वाटत असेल, तर दोष कोणाचा? शोधग्राममधला दवाखाना मग आदिवासी पाड्यासारखा, झोपड्या-झोपड्यांचा झाला. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येऊ लागले. नाव दिले गेले गोंडांच्या देवीचे, माँ दंतेश्वरी.

रुग्णाच्या रीतीभाती जाणून घेणे हा शुश्रूषेचाच भाग आहे, हा विचार मॅडलिन लायनिंजर या अमेरिकी नर्सने शास्त्र म्हणून मांडला. त्यासाठी तिने मानववंशशास्त्रात डॉक्टरेट केली आणि न्यू गिनीतल्या गाडसप लोकांमध्ये जाऊन राहिली. रुग्णाच्या प्रथेबाबत नर्सपुढे तीन वाटा असतात, असे तिचे म्हणणे. प्रथा जपावी, तिच्याशी जुळवून घ्यावे, किंवा ती बदलायला मदत करावी.

उशाखालच्या अंगाऱ्याच्या पुडीने काही बिघडत नाही. ती राहू द्यावी. मधुमेही रुग्ण रोजे धरणार असेल, तर डॉक्टरांशी बोलून गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलता येतात. पण हे त्याला आधी विचारले तर! नाहीतर तो गुपचूप गोळी चुकवतो. नवजात बाळाला मध चाटवण्याची प्रथा मात्र बदलायलाच हवी. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. तिथेही सुनेला रागावून उपयोग नसतो. घरात शब्द आजीचा चालत असेल, तर बोलायचे आजीशी. तो कोणाचा चालतो, हे आधी कळायला हवे.

आडनाव वाचून रुग्णाचा आहार, उपास, सोवळेओवळे गृहीत धरणे हा दुसऱ्या टोकाचा घोटाळा. एकाच घरातली सासू चतुर्थी धरते आणि सून अंडी खाते. म्हणून यादी पाठ करण्यापेक्षा विचारणे बरे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७८ मध्ये रुग्णाला विचारायचे काही साधे प्रश्न सुचवले होते. हा त्रास कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते? या आजाराची सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

गर्दीच्या वॉर्डात, एका नर्सच्या वाट्याला कितीतरी खाटा असताना, हे विचारायला वेळ कुठून आणायचा, ही परिचारिकांची तक्रार खरी आहे. पण सलाइन लावताना, रक्तदाब मोजताना तिचा हात रुग्णाच्या हातावर असतोच. निदान भीतीचा प्रश्न तेवढ्यात विचारून होतो.