वरणात कालवायची गोळी नव्हे

"भाऊ, त्याईले न सांगता देता येते का?" जठारपेठेतल्या औषधाच्या दुकानात एखादी बाई आवाज खाली आणून विचारते. तिला हवी असते डायसल्फिरामची गोळी, नवऱ्याच्या वरणात कालवायला. तिची तगमग कळते. पण ही गोळी शरीरात काय करते ते आधी तिला कुणीतरी नीट सांगायला हवं.

पोटात गेलेल्या दारूचं यकृत आधी ॲसिटाल्डिहाइड करतं. हे विषारी. एक विकर लगोलग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करून टाकतं, म्हणून एरवी ते साचत नाही. डायसल्फिराम हे विकरच बंद पाडतं. मग पेला रिकामा होऊन दहा मिनिटं होतात न होतात तोच तोंड लालबुंद होतं, मानेच्या शिरा उडू लागतात, छाती धडधडते, डोकं ठणकतं, उलट्या सुरू होतात. रक्तदाब घसरतो. हृदयविकार असलेल्याचा यात जीवही जाऊ शकतो.

कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे संशोधक डायसल्फिराम जंतांवर चालेल का ते पाहत होते. गोळ्या स्वतः घेतल्या, आणि थोड्याशा दारूनेही त्रास होऊ लागला. डॉ. ओलुफ मार्टेन्सेन-लार्सेन यांनी त्या गोळ्या दारूच्या रुग्णांना दिल्या. 1948 साली हाल्ड-याकोबसेन यांचा एक आणि मार्टेन्सेन-लार्सेन यांचा एक, असे लेख 'लॅन्सेट'मध्ये आले. सुरुवातीची मात्रा जबर होती, काही रुग्ण दगावले. आता बहुधा दिवसाला 250 मिलिग्रॅम देतात.

या गोळीने दारूची ओढ कमी होत नाही. आज घेतलीय, प्यायलो तर भोगावं लागेल, हा धाकच तिचं काम करतो. ज्याला गोळीचा पत्ताच नाही, त्याला धाक कसला? त्याच्या वाट्याला नुसतं विष येतं.

ओढीवर नॅलट्रेक्सोन नावाचं वेगळं औषध आहे. अमेरिकेत 1994 पासून ते दारूसाठी मान्य आहे. आणि औषधाच्या पलीकडचं काम किती मोठं असतं, हे डॉ. अनिता अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभारून दाखवलं.

म्हणून त्या बाईने नवऱ्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. रोजची दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, तेही डॉक्टरच सांभाळतील. यकृत, हृदय तपासून, त्याची राजीखुशी घेऊन, शेवटच्या पेल्यानंतर किमान 12 तासांनी गोळी सुरू होते. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही मग वर्ज्य, आणि गोळी थांबवली तरी दोन आठवडे परिणाम राहू शकतो. रोज सकाळी ती गोळी त्याच्या हातावर ठेवावी, आणि त्याने तिच्यासमोर पाण्याबरोबर गिळावी.