उंची खुंटली? आधी मोजा, मग तपासा

केळीच्या बागेत एखादे झाड शेजारच्या झाडांइतकेच खत-पाणी मिळूनही खुजे राहते. त्याला आणखी युरिया घालून उपयोग नसतो. दोष आतला असतो. क्वचित मुलांचेही तसेच होते. पोटभर खाऊनही उंची वाढत नाही, आणि घरात बोल मात्र आईला लागतो.

वाढीची सूत्रे शरीरातील ग्रंथींकडे असतात. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी वाढीचे हार्मोन सोडते. गळ्यातील थायरॉइडचे हार्मोन तान्हेपणीच कमी पडले, तर वाढ व बुद्धी दोन्ही खुंटतात.

काही आजारांत हा दोष जन्मजात असतो. टर्नर सिंड्रोम मुलींनाच होतो. साधारण दोन ते अडीच हजारांत एकीला. दोन ‘एक्स’ गुणसूत्रांपैकी एक नसते किंवा अपुरे असते. मुलगी ठेंगणी राहते आणि बहुधा आपोआप वयात येत नाही. प्रेडर-विली सिंड्रोममध्ये बाळ ढिले पडलेले असते, अंगावर नीट पीत नाही. पुढे मात्र त्याची भूक शमतच नाही. वजन वाढते, उंची नाही. आईबापांच्या कोणत्याही चुकीने हे आजार होत नाहीत.

उपाय आहेत. थायरॉइडची गोळी स्वस्त असते व रोज घ्यावी लागते. वाढीच्या हार्मोनची इंजेक्शने महाग असतात, आणि हाडांची टोके जुळून गेल्यावर त्यांनी उंची वाढत नाही. म्हणून उशीर नको.

घरी काय करावे? मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभे करा, डोक्यावर पुस्तक आडवे धरून खूण करा, तारीख लिहा. एकदा नाताळात, एकदा पेरणीच्या दिवसांत. चार वर्षांनंतर मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. वाढ ४ पेक्षा कमी भरली, तर टॉनिकच्या बाटल्या आणत बसू नका. बुऱ्हाणपूरच्या जिल्हा रुग्णालयात मुलांच्या डॉक्टरांना त्या खुणांचे आकडे दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत व सरकारी शाळेत १८ वर्षांपर्यंत तपासणी मोफत होते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात टर्नर व प्रेडर-विलीच्या उपचाराचा समावेश आहे, आणि मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यासाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे.

पीक गेले तर पुढचा हंगाम येतो. मुलाच्या वाढीचा हंगाम एकदाच येतो.