संस्थेचे अक्षर

माणसाची ओळख जशी त्याच्या चेहऱ्यावरून पटते, तशीच ती त्याच्या अक्षरावरूनही पटते. परगावी शिकणाऱ्या मुलाचे पत्र आले म्हणजे पाकिटावरील अक्षर पाहूनच आईला ते कोणाचे हे कळे. व्यक्तीप्रमाणेच संस्थेलाही स्वतःचे अक्षर असते. शाळा, ग्रंथालय, सहकारी संस्था यांच्या पाट्या, पावत्या, पत्रे आणि सूचना आपण नित्य पाहतो. त्यांतील अक्षरांच्या ठरावीक घडणीला वळण म्हणतात. संगणकाच्या व्यवहारात तिलाच फॉन्ट असे नाव आहे. संस्थेने आपले वळण कसे निवडावे आणि ते सर्वत्र का पाळावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ही कल्पना आजची नव्हे. मोडी लिपीत चिटणिसी, बिवलकरी, महादेवपंती अशी वळणे प्रसिद्ध होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ साली धुळे येथे त्यांच्या स्मरणार्थ संशोधन मंडळ स्थापन झाले. अशा संस्थांतून जतन केलेले जुने कागद अभ्यासताना, कागद कोणत्या काळचा असावा हे ठरविण्यास अक्षराचे वळण साहाय्य करते. पुढे छापखाने आले. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराने घडविलेल्या त्याच्या सुबक खिळ्यांची कीर्ती दूरवर पसरली. परदेशातही असेच उदाहरण आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेने एडवर्ड जॉन्स्टन यांच्याकडून खास अक्षरे तयार करवून घेतली व ती १९१६ पासून वापरात आणली. गर्दीच्या स्थानकावर जाहिरातींच्या गजबजाटातही रेल्वेची पाटी प्रवाशाला चटकन ओळखता यावी, हा त्यातील हेतू होता.

शिशाच्या खिळ्यांच्या काळी गावच्या छापखान्यात अक्षरांचे मोजकेच संच असत. त्यामुळे एकसारखेपणा बहुधा आपोआपच राखला जाई. आज संगणकावर शेकडो फॉन्ट उपलब्ध आहेत आणि त्यांतून एक नवीच अडचण उद्भवली आहे. समजा, रावेर तालुक्यातील एका गावी केळी उत्पादकांची सहकारी संस्था आहे. तिची पाटी रंगाऱ्याने आपल्या मर्जीने रंगविली. पावती-पुस्तकाचे अक्षर छापखान्याने ठरविले. कचेरीतील सूचना लिपिकाने हाताला लागेल त्या फॉन्टमध्ये टंकलिखित केली, तर सभेचे निमंत्रण कोणी नक्षीदार अक्षरांत काढले. एके दिवशी शेतकऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर पैसे भरण्याविषयीची सूचना येते. ती संस्थेची खरी सूचना आहे की कोणा लबाडाने रचलेली आहे, हे त्यांनी कसे ओळखावे? संस्थेचा प्रत्येक कागद निराळा दिसत असेल, तर खोटा कागदही त्यांतच खपून जातो. वळणाची नक्कल करता येते, म्हणून ते सही-शिक्क्याची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. परंतु ठरलेले वळण डोळ्यांच्या सवयीचे झाले असेल, तर त्याहून वेगळा कागद दिसताच मनात शंका येते, आणि मनुष्य कचेरीत जाऊन चौकशी करतो.

आता निवड कशी करावी ते पाहू. पहिली कसोटी आपल्या गावांच्या नावांचीच घ्यावी. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, पारोळा ही नावे लिहून पाहावीत. ज्या फॉन्टमध्ये ‘ळ’ बेढब उतरतो तो खानदेशाच्या कामाचा नाही. यावल, एरंडोल यांतील ‘ल’ आणि शिरपूर, शिंदखेडा यांतील ‘श’ हेही तपासावेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी प्रमाण वर्णमाला ठरवून दिली आणि २०२२ साली ती अद्ययावत केली. तीत पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ हीच रूपे स्वीकारली आहेत. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील जोडाक्षर नीट उमटते की नाही, तेही पाहावे.

दुसरी कसोटी वाचनीयतेची. पावतीवरील बारीक अक्षर वृद्ध सभासदाला आणि रस्त्यावरील पाटी वाटसरूला विनासायास वाचता आली पाहिजे.

तिसरी कसोटी टिकाऊपणाची. पूर्वीच्या अनेक फॉन्टमध्ये मराठी अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला, की मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसत. युनिकोड पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा निश्चित क्रमांक आहे. त्यामुळे फॉन्ट बदलला तरी आकृती तेवढी बदलते. मजकूर शाबूत राहतो. म्हणून युनिकोडचाच फॉन्ट घ्यावा आणि तो वापरण्याचा रीतसर परवाना आहे, याची खात्री करावी.

निवड झाली म्हणजे अर्धेच काम झाले. एक वळण मजकुरासाठी व फार तर दुसरे मथळ्यांसाठी, एवढे पुरे होते. कोणते वळण कोठे, किती मोठे वापरावे आणि अंक देवनागरी की रोमन, हे एका कागदावर नमुन्यासह लिहून ठेवावे. त्याची प्रत लिपिक, छापखाना आणि रंगारी या सर्वांना द्यावी. छापून ठेवलेले जुने कागद लगेच फेकून देण्याचे कारण नाही. ते संपतील तसतसे नवे छापावेत. असे केल्याने फारसा खर्च न वाढता काम साधते.

संस्थेचे नाव बदलते, तेव्हा तर ही संधी आपण होऊन चालून येते. १९९० साली जळगावात स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. असा बदल झाला म्हणजे प्रवेशद्वारापासून पदवीपत्रापर्यंत नाव नव्याने लिहावे लागते. बहिणाबाईंना स्वतःला लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी ऐकून टिपून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. अशा नावाचे प्रत्येक अक्षर कोठेही सुवाच्य आणि एकसारखे उमटावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे.

मुलाला चांगले वळण लावावे, असे आपण म्हणतो. ते एका दिवसात लागत नाही; रोजच्या लहानसहान गोष्टींत ते जपावे लागते. संस्थेच्या अक्षराचेही तसेच आहे. तुमच्या शाळेची पाटी, प्रगतिपुस्तक आणि सूचनाफलक एकदा शेजारी शेजारी मनात आणून पाहा. त्यांवरील अक्षरे एकाच शाळेची वाटतात काय, याचा विचार करा.