चिखलात बसलेली तक्रार

ऑगस्टचे शेवटचे दिवस. तीन दिवसांची झड नुकतीच उघडली होती. रिसोडपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या एका पांदणीत माझ्या मावसभावाची नवी कोरी फोर बाय फोर आसापर्यंत चिखलात बसलेली. गाडीच्या काचेवर शोरूमचं स्टिकर अजून तसंच होतं. तो धुऱ्यावर उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगत होता, "एवढे लाख मोजले न भाऊ, अन् हे पाहा!" टोचन करायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं दोर खाली टाकला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एकच प्रश्न विचारला, "टायरात हवा किती हाय?"

"पस्तीस."

"काढा आधी."

गाडीचं नाव मी लिहीत नाही. पुढे कळेलच, त्या दिवशीचा दोष तिचा फार नव्हता. पण त्या संध्याकाळपासून मी अशा गाड्यांबद्दलच्या तक्रारी लक्ष देऊन ऐकू लागलो. एखादी जुनी, रांगडी गाडी कंपनी नव्या रूपात आणते आणि वर्षभरात मालकांचे सूर बदलतात. उसळते फार. स्टेअरिंग थरथरतं. मागून खट्ट आवाज येतो. चिखलात बसते. यातली प्रत्येक तक्रार खरी असते. तिचं कारण मात्र मालक बोट दाखवतो तिथे क्वचितच सापडतं.

आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण महिंद्रा थारचं. पहिली थार 2010 मध्ये आली. तिच्या मागच्या आसाला जुन्या जीपसारखेच कमानपाटे होते. 2 ऑक्टोबर 2020 रोजी नाशिकच्या कारखान्यातून नवी थार बाजारात आली तेव्हा कमानपाटे गेले आणि त्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. मागचा आस मात्र अखंडच राहिला. नोव्हेंबर 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत या गाडीला चार तारे मिळाले. पोलादी सांगाड्यावर टप बसवलेल्या जुन्या जीपमध्ये वाढलेल्या पिढीला हे फार मोठं होतं. तरी पहिली कुरकूर आली ती मागच्या बाकावरून, गाडी उसळते म्हणून.

कमानपाटा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या. खड्ड्यात चाक गेलं की या पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणात धक्क्याची थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणजे कमानपाटा स्प्रिंगचं काम करतोच, वर शॉकअपचंही थोडं करतो. त्याचा तोटाही त्याच घर्षणात आहे: लहान खड्ड्यात तो हलतच नाही आणि मणके खिळखिळे होतात. गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये असं घासणारं काही नाही. ती लहान खड्डाही मऊपणे गिळते, पण एकदा दाबली की परत वर येतेच, आणि तिला आवरायची सगळी जबाबदारी शॉकअपवर पडते. शॉकअप सैल ठेवला तर गाडी झुलते, कडक केला तर आदळते. दोन्हींच्या मधला बिंदू शोधताना कारखान्यातला अभियंता कोणता रस्ता डोळ्यांसमोर ठेवतो यावर बरंच अवलंबून असतं, आणि तो रस्ता बहुधा रिसोड-लोणार नसतो.

दुसरी गोष्ट लांबीची. तीन दारांच्या थारच्या पुढच्या आणि मागच्या आसांतलं अंतर 2,450 मिलिमीटर. ताशी 60 किलोमीटर वेगानं जाताना पुढचं चाक ज्या खड्ड्यात पडलं, त्याच खड्ड्यात मागचं चाक सुमारे 0.15 सेकंदानं पडतं. पुढचा भाग खाली जाऊन वर येईपर्यंत मागचा खाली जातो, आणि गाडी नाक खालीवर करत झोके घेते. मॉरिस ऑली नावाच्या ब्रिटिश अभियंत्यानं 1930 च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये यावर बरंच काम केलं. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा थोड्या मऊ ठेवायच्या. मग मागचा भाग उशिरा उसळूनही पुढच्याला गाठतो आणि दोन्ही टोकं एका तालात येतात, हा त्याचा नियम आजही शिकवतात. पण आस जितके जवळ, तितकं हे जुळवणं अवघड. पांदणीतल्या उंचवट्यावर पोट न टेकवता चढायचं तर आस जवळच हवेत, आणि महामार्गावर शांत बसायचं तर लांब. 15 ऑगस्ट 2024 रोजी पाच दारांची थार रॉक्स आली, तिच्यात हे अंतर 2,850 मिलिमीटर झालं. म्हणजे कंपनीनं तक्रार ऐकली, पण त्यासाठी गाडीच दुसरी काढावी लागली. (रॉक्सच्या आतल्या पांढऱ्या सीटा पाहून मला आमच्या काळ्या मातीची आठवण आली होती. काही आठवड्यांतच फोर बाय फोरसाठी तपकिरी सीटांचा पर्याय जाहीर झाला. ती तक्रार समजायला विज्ञान लागलं नसावं.)

आता थरथरीकडे येऊ, कारण खरी भीती तिची. काळी-पिवळीच्या जमान्यात ज्यांनी मालेगाव-रिसोड फेऱ्या केल्या त्यांना आठवत असेल: एका ठरावीक वेगावर खड्डा लागला की काही जीपांचं स्टेअरिंग ड्रायव्हरच्या हातात थडथड नाचायचं. तो शांतपणे वेग कमी करायचा आणि गप्पा पुढे चालू ठेवायचा. हाच आजार थेट अमेरिकेत, जीप रँग्लरच्या 2018 च्या नव्या अवताराबद्दल गाजला. तिथे लोकांनी त्याला मृत्यूची थरथर असंच नाव दिलं आहे. रँग्लरची नवी पिढी 2019 मध्ये भारतात आयात होऊन आली आणि मार्च 2021 पासून पुण्याजवळ रांजणगावला जुळवली जाऊ लागली, म्हणून ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही.

रँग्लरचा पुढचाही आस अखंड आहे. दोन्ही चाकं एकाच दांड्याच्या दोन टोकांना. डावं चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा आस कलतो. फिरत्या चाकाला असं कलवलं की ते कलण्याच्या दिशेत न जाता काटकोनात वळू पाहतं. सायकलचं सुटं चाक दोन्ही हातांत धरून जोरात फिरवा आणि तिरकं करा, मनगटाला ते जाणवेल. म्हणजे कलणारा आस चाकांना वळवतो, वळलेल्या चाकाला रस्ता परत ढकलतो, त्या धक्क्यानं आस पुन्हा कलतो. सांध्यांमध्ये थोडीशीही ढिलाई असेल आणि वेग बरोबर जुळला, तर प्रत्येक फेरीत गाडीच्या पुढे जाण्यातली थोडी ऊर्जा या डोलण्यात जाते आणि ते वाढत राहतं. विमानाच्या पुढच्या चाकालाही हाच रोग होतो, त्यामुळे यावरचं बरंच जुनं गणित विमानवाल्यांनी मांडलेलं आहे.

हे डोलणं दाबायला स्टेअरिंगला एक आडवा शॉकअप लावतात. 2019 मध्ये जीपच्या कंपनीनं तोच बदलून द्यायला घेतला. थंडीत त्याच्या तेलात हवेचे बुडबुडे तयार होत आणि ऐन गरजेच्या वेळी तो ढिला पडे, असं कंपनीचं निदान होतं. निदान पटण्याजोगं आहे. पण जुना मेकॅनिक यावर मान हलवेल. त्याच्या हिशेबात हा शॉकअप तापावरच्या गोळीसारखा आहे. टायरॉडचे बॉल जॉइंट, बुश, आसाला आडवं धरून ठेवणाऱ्या दांड्याचे बोल्ट, टायरचं बॅलन्सिंग हे तपासल्याशिवाय ताप कशाचा ते कळत नाही. माझं मतही त्याच्याच बाजूचं. थारच्या बाबतीत मात्र ही शंका फारशी घेऊ नका. तिची पुढची चाकं स्वतंत्र झुलतात. एक चाक उचललं म्हणून दुसरं कलत नाही. तिचं स्टेअरिंग थरथरलं तर आधी टायर आणि बॅलन्सिंग पाहावं.

मागून येणारा खट्ट आवाज हा बहुतेक वेळा दोष नसतोच. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो. एक चाक चिखलात फुकट फिरू लागलं की त्याला जेवढा थोडा पीळ लागतो तेवढाच घट्ट जमिनीवरच्या चाकालाही मिळतो, आणि गाडी जागची हलत नाही. नव्या फोर बाय फोर थारमध्ये मागे आपोआप लागणाऱ्या कुलुपाचा डिफरन्शियल आला. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला की आतला यांत्रिक अडकवा लागतो आणि दोन्ही चाकं एकत्र फिरतात. तो लागताना आवाज होणारच. गंमत अशी की तो लागावा म्हणून चाक थोडं फिरू द्यावं लागतं, आणि घाबरलेला माणूस नेमका त्याच क्षणी पाय काढून घेतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरख्यामध्ये कुलूप ड्रायव्हरनं स्वतः लावायचं असतं. चिखलात शिरण्याआधीच लावून ठेवता येतं; विसरलात तर जबाबदार तुम्ही. शिवाय जानेवारी 2023 पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्वस्त रूपातही मिळते. दिसायला तीच गाडी. ती घेऊन वावरात जाणाऱ्याची निराशा समजू शकते, पण ती गाडी विकत घेतानाच ठरलेली होती.

परत पांदणीत येतो. रिसोडची काळी माती म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या बेसाल्टचा भुगा. त्यातल्या माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेलं की हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. कापूस, तूर, सोयाबीन या मातीवर पोसतात ते ती पाणी धरून ठेवते म्हणून. चाकाला मात्र तेच पाणी नडतं. ओल्या काळ्या मातीचे थर एकमेकांवरून सहज सरकतात आणि वर ती टायरच्या खाचांमध्ये अशी बसते की जाड नक्षीचा महागडा टायर दोन फेऱ्यांत गुळगुळीत होतो. पायातल्या चपलेचं जे होतं तेच. राजस्थानची वाळू किंवा कोकणातला लाल चिखल एवढा चिकटत नाही. जाहिरातीत उडताना दिसतो तो चिखल बहुधा आमचा नसतो.

आणि आता ट्रॅक्टरवाल्याचा प्रश्न. अशी गाडी माणसांसकट सुमारे 1,900 किलो धरा. एका चाकावर 475 किलो. टायरात 35 पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण अडीच किलोचा दाब. भागाकार केला तर चारही टायर मिळून जमिनीला टेकतात ते ए-फोर कागदाच्या सव्वा पानाएवढ्या जागेवर. हवा 18 वर आणली की तीच जागा जवळजवळ अडीच पानं होते आणि जमिनीवरचा दाब निम्मा. (टायरच्या भिंतीही थोडं वजन पेलतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे.) निंदणाला जाणारी साठ किलोची बाई एका पायावर उभी राहिली तरी तिचा दाब अर्ध्या किलोच्या आत असतो, म्हणून ती चालत जाते तिथे गाडी बसते. मातीत चाक किती रुतेल याचं शास्त्र ज्यानं उभं केलं, त्या मिएचिस्लाव बेकरनं पुढे चंद्रावर चाललेल्या अपोलोच्या गाडीच्या चाकांवरही काम केलं. ट्रॅक्टरवाल्याला बेकर ठाऊक नव्हता. त्याच्या स्वतःच्या मागच्या टायरात हवा पंधराच्या आसपास होती, एवढं त्याला पुरेसं होतं. मावसभावानं चारही टायरांची हवा काढली आणि दोर लावल्यावर पहिल्याच ओढीत गाडी मुरमावर आली. परत रिसोडच्या पंपावर हवा भरेपर्यंत तिला तीसच्या वेगानं आणलं, कारण कमी हवेचा टायर डांबरावर जोरात पळवला तर तापून फाटतो.

ज्या दोषाची सर्वांत कमी ओरड होते तो कधी कधी सगळ्यांत गंभीर असतो, हेही थारनंच दाखवलं. फेब्रुवारी 2021 मध्ये महिंद्रानं 7 सप्टेंबर ते 25 डिसेंबर 2020 या काळात बनलेल्या 1,577 डिझेल थार तपासणीसाठी परत बोलावल्या. पुरवठादाराच्या कारखान्यात यंत्राची जुळणी चुकल्यामुळे कॅमशाफ्ट सदोष असण्याची शक्यता होती. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा दांडा; इंजिनाच्या दोन फेऱ्यांत तो एक फेरी पुरी करतो, आणि त्याच्या उंचवट्यांवर तेलाचा अतिशय पातळ थर सोडला तर धातूवर धातूच घासतो. इथे आकारातली बारीकशी चूकही परवडत नाही, आणि ती मालकाला मागच्या बाकावर बसून कळत नाही. कंपनीनं भाग फुकट बदलून दिले. उसळण्याबद्दल बोलणारे हजारो होते. या दांड्याबद्दल तोवर कुणी फारसं बोललंच नव्हतं.

तेव्हा गाडी परत बोलावण्याचा निर्णय कंपनीच्या मर्जीवर होता. आता तसं नाही. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार सुरक्षेला बाधक दोषाच्या पुरेशा तक्रारी जमल्या, तर सरकार गाड्या परत बोलावायला लावू शकतं आणि 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंड करू शकतं. किती तक्रारी पुरेशा, हे त्या गाडीच्या वार्षिक विक्रीवरून ठरतं. म्हणजे इथे तुमची एक नोंद मोजली जाते. परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर त्यासाठी वेगळी सोय आहे. चहाच्या टपरीवर सांगितलेली तक्रार तिथे पोचत नाही. स्टेअरिंग, ब्रेक, आस किंवा इंजिन बंद पडणं यांपैकी काही असेल तर वेग किती होता, रस्ता कसला, गाडीत वजन किती आणि टायरात हवा किती, हे लिहून चेसिस नंबरासह नोंदवा. गाडीला सात वर्षं व्हायच्या आत.