डोंगर आधी सांगतो

अहिल्यानगर जिल्हा म्हटला की टँकर आणि चारा छावण्या आठवतात. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, घाटघरला काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि त्यांच्या कुशीत महादेव कोळी, ठाकर समाजाच्या वाड्या. इथली भीती पाणी न मिळण्याची नसते, डोंगर खाली येण्याची असते.

सायबेरिया, अलास्का, आल्प्स, हिमालय या थंड मुलखांतही डोंगर असेच खचू लागले आहेत. सलग दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंशाच्या वर न गेलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिथं खडकांच्या फटींतलं आणि मातीतलं बर्फच उताराला बांधून ठेवतं. तापमान वाढलं की ते वितळण्याआधीच मऊ पडतं. मग वितळलेलं पाणी फटींत दाब वाढवतं आणि उतार सुटतो. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक सरोवराच्या काठचा गोठलेला ढिगारा पाण्यात कोसळला. सरोवर फुटलं आणि तिस्तेच्या पुरात चुंगथांगचं धरण वाहून गेलं.

अकोल्यात बर्फ नाही, पण उतार सुटतो तो पाण्यामुळेच. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो. कातळाच्या भेगांतून मुरलेलं पाणी या पट्ट्याशी अडतं आणि आडवं वाहत झऱ्यांच्या रूपानं बाहेर पडतं. चार-सहा दिवस झड लागली की वरची माती आणि मुरूम पाण्यानं जड होतात, कणांमधला दाब वाढतो, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. त्यात रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापलेला असेल, ओढ्याची वाट बुजलेली असेल, झाडं तुटलेली असतील, तर उताराचा उरलासुरला आधारही जातो.

अकोल्याला लागून जुन्नर, त्यापलीकडे आंबेगाव. तिथलं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. पुढे, २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळच्या तळियेत ऐंशीहून अधिक. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली; २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ताच राहिले. इर्शाळवाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हतं. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे बचाव पथकांना डोंगर चढून जावं लागलं. दरडीनंतर कितीही धावपळ केली तरी ती उशिराचीच ठरते, हे या तिन्ही ठिकाणी दिसलं.

स्वित्झर्लंडमधल्या ब्लाटन गावात २८ मे २०२५ रोजी हिमनदी आणि खडक मिळून कोसळले. गावाचा बहुतेक भाग गाडला गेला, एका माणसाचा बळी गेला. पण सुमारे तीनशे रहिवासी आधीच बाहेर पडले होते. कड्याची हालचाल दिवसेंदिवस मोजली जात होती आणि धोका दिसताच गाव रिकामं करण्याचा अधिकार वापरला गेला. डोंगर थांबवणं त्यांनाही जमलं नाही. माणसं वाचवणं जमलं.

आपल्याकडे महागडी यंत्रं नसली तरी डोंगर खुणा देतोच. उतारावर नव्या भेगा पडतात, झाडं आणि विजेचे खांब कलतात, घराची दारं अडकू लागतात, स्वच्छ झरा अचानक गढूळ होतो किंवा आटतो. या खुणा सर्वांत आधी दिसतात त्या आवणासाठी खाचरात उतरलेल्या बाईला, गुरं घेऊन माथ्यावर गेलेल्या पोराला. त्यांचं बोलणं तालुक्यापर्यंत त्याच दिवशी पोहोचेल, अशी सोय मात्र बहुतेक वाड्यांत नाही.

ती उभी करायला फार पैसा लागत नाही. प्रत्येक धोक्याच्या वाडीत एक पर्जन्यमापक आणि तो वाचणारं माणूस हवं. पावसाचा ठरावीक आकडा ओलांडला की त्या रात्री मुक्काम कुठे करायचा, हे पावसाळ्यापूर्वीच ग्रामसभेत ठरलेलं हवं. ती जागा कोरडी, उजेडाची, गुरांसाठीही सोय असलेली हवी. भेग दिसल्याची बातमी आली की भूगर्भतज्ज्ञानं पाहणी केलीच पाहिजे. यादीत नाव आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. घाटघर, रतनवाडी, पाचनई परिसरातल्या वाड्यांसाठी एवढी तयारी येत्या जूनपूर्वी व्हायलाच हवी.