मुळांतच तयार होणारे औषध

पोटात मुरडा येऊन कळा सुटल्या की डॉक्टर जी गोळी देतात, तिच्या वेष्टनावर ‘हायोसिन ब्युटिलब्रोमाइड’ हे नाव अनेकांनी वाचले असेल. ते ज्या स्कोपोलामाइनपासून बनते, ते धोतरा, खुरासानी ओवा, बेलाडोना यांच्या कुळातले अल्कलॉइड. प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या घडवणे परवडत नाही, म्हणून आजही भिस्त मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या ड्युबॉयसिया या झुडपावर आहे. बेलाडोनात मात्र त्याचे पूर्वरूप असलेले हायोसायमिन भरपूर आणि स्कोपोलामाइन अगदी थोडे. हे प्रमाण बदलण्याचे एक उत्तम साधन म्हणजे ‘केसाळ मुळे’.

अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रायझोजिनिस हा मातीतला जिवाणू झाडाच्या जखमेतून शिरतो आणि आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या गुणसूत्रात बसवतो. त्या तुकड्यातली ‘रॉल’ जनुके जागी झाली की जखमेतून मुळेच मुळे फुटू लागतात. प्रयोगशाळेत हेच मुद्दाम घडवतात. निर्जंतुक पानाला सुईने ओरखडे काढून त्यावर जिवाणू सोडतात. काही आठवड्यांत ओरखड्यांवर पांढरी, लवदार मुळे उगवतात. ती कापून प्रतिजैविकाने जिवाणू मारतात आणि मुळे पोषक द्रवात सोडतात. मग ना माती लागते, ना बाहेरून संप्रेरके. मुळे फांद्या फोडत भराभर वाढतात.

मुळेच का? धोतऱ्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम केले, तर टोमॅटोच्या पानांतही धोतऱ्याची अल्कलॉइडे उतरतात. याचा अर्थ, ती मुळांत तयार होतात आणि तिथून वर चढतात.

हायोसायमिनचे स्कोपोलामाइन करण्याचे काम एच-सिक्स-एच नावाचे विकर करते. 1992 मध्ये जपानच्या युन, हाशिमोतो आणि यामादा यांनी खुरासानी ओव्यातले त्याचे जनुक बेलाडोनात घातले. त्या झाडाच्या आणि जनुकाचा वारसा मिळालेल्या त्याच्या संततीच्या पानांत व खोडांत जवळजवळ निव्वळ स्कोपोलामाइन मिळाले. 2004 मध्ये चिनी संशोधकांनी खुरासानी ओव्याच्या केसाळ मुळांत स्कोपोलामाइनच्या घडणीच्या वाटेवरचे सुरुवातीचे पीएमटी आणि शेवटचे एच-सिक्स-एच अशी दोन्ही जनुके एकत्र घातली. सर्वोत्तम वाणाने लिटरमागे 411 मिलिग्रॅम स्कोपोलामाइन दिले, साध्या मुळांच्या नऊपटींहून अधिक. नुसत्या एच-सिक्स-एचने यश मिळाले होते, पण निम्म्याहून कमी.

सदाफुलीने मात्र या तंत्राची मर्यादा दाखवली. कर्करोगावरचे व्हिनब्लास्टिन कॅथॅरँथिन आणि व्हिंडोलिन यांच्या जोडणीतून बनते. केसाळ मुळे कॅथॅरँथिन देतात. पण व्हिंडोलिनच्या शेवटच्या पायऱ्या उजेडातल्या हिरव्या पेशींत पार पडतात, त्यामुळे मुळांत ते जवळपास बनतच नाही. झाड कोणत्या पेशीत काय करते हे ठाऊक असल्याशिवाय जनुक घालून फारसे हाती लागत नाही, हाच या साऱ्या प्रयोगांचा धडा.

आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडासाठीही हे तंत्र महत्त्वाचे. त्यात कॅम्प्टोथेसिन आहे. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधे त्यापासून बनतात, आणि त्यापायी ही झाडे बेसुमार तोडली गेली. याच अल्कलॉइडसाठी ओफिओऱ्हायझा या लहानशा वनस्पतीची केसाळ मुळे 2001 मध्येच जपानमध्ये वाढवली गेली. ती कॅम्प्टोथेसिन बनवतात आणि भोवतालच्या द्रवात सोडतातही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी आणि औषध कंपन्यांनी या कामात नेटाने पैसा आणि माणसे घालावीत. औषधासाठी जंगल तोडणे ही काही अटळ गोष्ट नव्हे.